वार्निशचं ऊन

चैत्र संपत आला की धुळ्याच्या उन्हाचा रंग बदलतो. इतके दिवस पिवळं असलेलं ऊन एखाद्या दुपारी अचानक पांढरं दिसायला लागतं. रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं, सायकलच्या सीटला हात लाववत नाही, गल्लीतली कुत्री नळाखालच्या ओल्या जागेवर पोट टेकून पडतात. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत असतात. अशा दुपारी मला हमखास वार्निशचा वास येतो. बायको म्हणते, शेजारी रंगकाम चाललं असेल. मी हो म्हणतो. पण मला येतो तो वास फर्निचरच्या वार्निशचा नसतो. जळालेल्या मोटारीत नवी तार भरली की तिच्यावर ओततात ते वार्निश, थोडं गोडसर, थोडं डोक्यात चढणारं. त्या वासामागून एक बारीक गुणगुण येते. खिडकी लावली तरी ती थांबत नाही, कारण ती बाहेरून येतच नाही.

ती गुणगुण आमच्या गावाची, जळगावजवळच्या असोद्याची आहे. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, त्या उन्हाळ्याची.

माझा थोरला भाऊ मिलिंद. त्याला मी भाऊच म्हणायचो. तो जळगावला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. आमच्याकडे केळीला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात विजेचा दाब कमीजास्त झाला की विहिरींवरच्या मोटारी जळतात. त्या काळात दुकानापुढे मोटारींची रांग लागलेली असायची. भाऊ जळालेली तार उपसायचा, नवी तार वेढा वेढा करून बसवायचा, तिला वार्निश पाजायचा आणि उन्हात ठेवायचा. वार्निशने सगळे वेढे एकमेकांना धरून बसतात, एकही हलत नाही. हलणारा वेढा घासतो, घासला की पुन्हा जळतो. ‘तार मुकी झाली पाहिजे,’ असं तो म्हणायचा.

आणि जयंतीचा महिना लागला की हाच भाऊ गायन पार्टीत बेस गिटार वाजवायचा. चौदा एप्रिलला सुरू झालेले कार्यक्रम पाऊस येईपर्यंत चालत. आज भुसावळकडे, उद्या वरणगावला, परवा पार साक्रीच्या बाजूला. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, आणि मागे उभा राहून खाली मान घालून वाजवणारा भाऊ. लोकांना गाणारा दिसायचा. बेस कुणाला दिसत नसे आणि वेगळा असा ऐकूही येत नसे, तो फक्त बसल्या जागी पोटात लागायचा. एखाद्या गाण्यात भाऊ मुद्दाम दोन ओळी थांबला की लोक चुळबुळ करायचे, काय कमी झालं ते मात्र त्यांना सांगता येत नसे.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. माझी पुस्तकं, माझा बसचा पास, माझे प्रयोगशाळेतले पांढरे कपडे, सगळं त्याच्या हातांतून आलं. हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. आजही वर्गात शिकवताना फळ्यावर चुंबकाचं चित्र काढलं की मला त्याची बोटं दिसतात, तांब्याच्या तारेने कापलेली.

ज्यांनी बेस गिटार जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिच्या चार जाड पोलादी तारांखाली एक चपटी डबी बसवलेली असते. तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की खाली वेढ्यांत वीज थरथरते आणि वायरीतून दूरच्या खोक्यात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, जाऊन आवाज होते. म्हणजे चांगल्या पिकअपला कान नसतात. खोलीत कुणी रडलं, हसलं, भांडी पडली तरी त्याला ते कळत नाही. त्याला फक्त तारेचं हलणं कळतं.

पार्टीच्या गिटारला असे दोन पिकअप होते. गळ्याकडचा कंपनीचा, काळ्या डबीतला, मेणाने गच्च भरलेला. तार तिथे मोठा झोका घेते, म्हणून त्याचा आवाज गोल आणि जाड, मातीच्या रांजणात बोलल्यासारखा. मुळाकडचा, म्हणजे तारा जिथे खाली बांधलेल्या असतात त्या टोकाचा, कधीच मेलेला होता. त्या हिवाळ्यात भाऊने दुकानातल्या मोडीतून चुंबक शोधले, बारीक तार मिळवली आणि घरी ओट्यावर बसून तो पिकअप नव्याने गुंडाळला. मुळाजवळ तार जेमतेम हलते. तिथला आवाज बारीक, घट्ट, बोटाच्या कातडीसकट ऐकू येणारा. कंपनीचा पिकअप सूर सांगायचा, भाऊचा पिकअप सूर कुणी वाजवला ते सांगायचा.

त्याने आणखी एक गोष्ट केली होती. त्याच्या वेढ्यांची दिशा कंपनीच्या उलट ठेवली आणि चुंबकही उलटे बसवले. एकच पिकअप चालू असला की घरातल्या विजेची गुणगुण त्यात शिरते, खोक्यातून सतत हंऽऽ येत राहतं. प्रत्येक पिकअपला आवाजाचं आपापलं बटण असतं, ती दोन्ही सारखी पूर्ण फिरवली की एकाची गुणगुण दुसऱ्याची गुणगुण खाऊन टाकते, आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. हे मला पुस्तकात वाचून कळलं असतं. त्याने ते मला ओट्यावर, शेंगा खाता खाता दाखवलं.

फक्त वार्निश राहिलं. पौषातलं ऊन कोवळं, त्यात वार्निश नीट वाळत नाही, वर साय धरते आणि आत ओलं राहतं. वाइंडिंगवाल्यांची ही रीतच आहे, हिवाळ्यात नाजूक काम वार्निशला घेत नाहीत. ‘ऊन येऊ दे, मग वार्निश,’ भाऊ म्हणाला, आणि पिकअप तसाच उघडा गिटारमध्ये बसवला.

मग त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा झाला. त्याआधी बरेच दिवस तो थकवा आहे म्हणायचा. मी विचारलं की म्हणायचा, काही नाही, तू अभ्यास कर. कावीळ आहे हे कळल्यावर माय त्याला तिच्या माहेरी घेऊन गेली. माहेर साक्रीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला. तिथे एक म्हातारा मुळ्यांची माळ गळ्यात बांधतो. माळ वाढत वाढत खाली आली की कावीळ उतरली, असं मानतात. मायच्या लहानपणी तिच्या भावाची तशीच उतरली होती. माळ वाढत होती. माय रोज बघायची आणि हात जोडायची. ती भाऊच्या बेंबीपर्यंत आली तेव्हा त्याची शुद्ध गेली. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात तो गेला. डॉक्टरांनी मायला एवढंच विचारलं, की हे कधीपासून होतं. तिने उत्तर दिलं नाही. त्यानंतर तिने कुणालाच कशाचंच उत्तर दिलं नाही असं म्हटलं तरी चालेल. ती भाकरी टाकायची, पाणी भरायची, आणि ताटावर बसून दोन घासांत उठायची.

एप्रिल आला. माझी परीक्षा तोंडावर. पार्टीचे प्रमुख नाना एक दिवस गिटार आणि तिचं खोकं घेऊन घरी आले. नाना हार्मोनियम वाजवत आणि गात, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. नवा बेसवाला मिळाला होता. पण सरावाला गिटार किंचाळत होती. मुळाकडचं बटण उघडलं की कानठळ्या. नाना म्हणाले, ‘काय बीएस्सी, तुझ्या पुस्तकात यावर काही औषध आहे का बघ. नाहीतर हा डबा काढून एकाच पिकअपवर भागवू.’ बोलून झाल्यावर त्यांना मागे उभी असलेली माय दिसली. जयंतीच्या पहिल्या कार्यक्रमाच्या आत नेतो, असं हळू आवाजात सांगून गेले.

किंचाळणं कशामुळे हे मला लवकरच कळलं. वार्निश नसल्याने वेढे मोकळे होते, खोक्याच्या आवाजाने तेच थरथरत होते, तो थरथराट पुन्हा खोक्यात जात होता. गिटार खोक्यापासून लांब नेली की बंद. खोकं मोठं, ते आतल्या दारातून जात नव्हतं. म्हणून खोकं बाहेरच्या खोलीत माझ्या पुस्तकांजवळ, लांब वायर, आणि गिटार आत, भाऊची गोधडी असायची त्या भिंतीला टेकवलेली. मी आत जाऊन एक सूर वाजवायचो, बटण बदलून तोच सूर पुन्हा, आणि बाहेर येऊन शेपटासारखा उरलेला आवाज ऐकायचो. रांजण आणि बोट. रांजण आणि बोट. दोन्हींत काय चांगलं ते मला ठरवता येईना.

एका दुपारी मी वाचत होतो. आत भाऊचाच पिकअप चालू ठेवून आलो होतो. गावात चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे भर दुपारी बायका विहिरीवर जायचं टाळतात, ती वेळ चांगली मानत नाहीत. मी विज्ञानाचा विद्यार्थी, मला त्याचं काही नव्हतं. पंखा फिरत होता. आणि माझ्या शेजारच्या खोक्यातून बाईचा आवाज आला.

आवाज मायचा होता आणि नव्हता. त्याला छाती नव्हती. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून खूप लांबून कुणी बोलावं तसा. तो म्हणाला, ‘जेवना का रे?’

लगेच पुढचं आलं. ‘हंऽऽ.’

मी उठून दारात गेलो. माय गिटारजवळ बसली होती. तिने तारांवर तळवा ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ती वाकून तारांशी बोलली, मग तळवा उचलला आणि दाराकडे, म्हणजे खोक्याकडे कान केला. तिचा प्रश्न मोकळ्या वेढ्यांना लागून खोक्यातून बाहेर पडत होता. आणि तारांना हात असला की विजेची गुणगुण दबते, हात काढला की वर येते, म्हणून तळवा उचलताच खोकं हंऽऽ म्हणत होतं. मला हे सगळं कळत होतं. कोणता नियम, कोणतं प्रकरण, तेही. तरी मी उंबरा ओलांडला नाही. कारण भाऊ असाच बोलायचा. मायने काहीही विचारलं की खाली मान घालून एवढंच, हंऽऽ.

मी तिला समजावून सांगायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही. त्या दुपारी तिने चौथा घास खाल्ला.

मग रोज भर दुपारी ते चालायचं. ती मला म्हणायची, ‘ते लाव.’ मी भाऊच्या पिकअपचं बटण उघडून बाहेर येऊन बसायचो. पुस्तक मांडीवर असायचं, डोळे ओळीवर असायचे. खोक्यातून मायचा तो छाती नसलेला आवाज यायचा. तुले थंडी वाजस का. हंऽऽ. आबा भेटना का तठे, म्हणजे आमचे वडील, ते आधीच गेलेले. हंऽऽ. नानाना पोऱ्यानं लगीन ठरनं, ऐकं का. हंऽऽ. कधी ती हसायचीसुद्धा. ते हसू खोक्यातून आलं की खोकं खोकल्यासारखं वाटायचं. गल्लीतली माणसं दारावरून जाताना पाऊल उचलून टाकायला लागली. नानांच्या कानावर गेलं असावं, पण ते ठरलेल्या दिवसाआधी आले नाहीत.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की ती एका प्रश्नाभोवती फिरते आहे. थंडीबद्दल विचारलं, भुकेबद्दल विचारलं, दुखलं का तेही विचारलं. माळेबद्दल नाही. एकदा ती ‘मिलिंद, ती माळ’ एवढंच म्हणाली आणि खोक्यात बराच वेळ काही आलं नाही. तिने तळवा उचललाच नव्हता. घाबरली होती ती. मीही घाबरलो. कारण त्या यंत्राला नाही म्हणता येत नव्हतं. त्याच्याकडे एकच उत्तर होतं, काहीही विचारा, हंऽऽ. तिने ते विचारलं, तळवा उचलला, आणि उत्तर आलं, तर त्यानंतर मी तिला कितीही नियम सांगितले तरी काय उपयोग होता?

नाना येणार त्या दिवशी सकाळपासून लू सुटली होती. माझा पेपर दुसऱ्या दिवशी. दुपारी माय म्हणाली, ‘आज शेवटनं लाव.’ मी आत गेलो. भाऊचं बटण उघडलं, कंपनीचं बंद होतं, ते बंदच आहे हे हाताने चाचपून पाहिलं. नेहमीसारखी गुणगुण सुरू झाली. मी बाहेर येऊन खोक्यासमोर बसलो. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. वायर उपटावी असं मनात आलं. हात पुढे गेला नाही, कारण आत ती एकटी नाही असं मला त्या क्षणी खरंच वाटलं, आणि कुणाच्या बोलण्यात मध्ये पडणं बरं नव्हे.

मग खोक्यातून आलं, ‘मनाकडथून उशीर व्हयना का रे?’ माझ्यामुळे उशीर झाला का, तोच प्रश्न.

गुणगुण आली नाही.

मी थांबलो. पंखा फिरत होता. खोक्यावरचा लाल दिवा जळत होता. वीज होती. आतून मायच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिने हात उचलला होता, आणि त्या बांगड्यांची किणकिण खोक्यातूनही आली. म्हणजे वायर जागेवर होती, पिकअप चालू होता. तिचा श्वास येत होता. फक्त हंऽऽ येत नव्हतं. इतक्या दिवसांत त्या खोलीत तशी शांतता मी ऐकली नव्हती. पावसानंतर विहिरीत वाकून पाहावं तशी.

तिने पुन्हा विचारलं. तेच शब्द, जरा मोठ्याने. पुन्हा काही नाही.

मग खोक्यातून तिचं रडणं आलं, आणि मागोमाग आतून खरं, छातीचं रडणं आलं. दोन्ही आवाज थोडा वेळ सोबत चालले. मी आत गेलो तेव्हा तिने गिटार भिंतीला नीट टेकवली होती आणि पदराने तोंड पुसत होती. म्हणाली, ‘नही म्हणना तो.’ मग म्हणाली, ‘ते वार्निश लाव रे आते. त्यानं काम अर्धं राहेल शे. ऊन उनं.’ भाऊ ज्याची वाट बघत होता ते ऊन आलं होतं.

मी बटणांकडे पाहिलं. दोन्ही पूर्ण उघडी होती.

त्यानंतर मी कितीतरी वेळा याचा विचार केला आहे. मायचा पदर लागला असेल. पण पदराने बटण पूर्ण फिरत नाही. मायनेच फिरवलं असेल. एवढी वर्षं ती त्याला वाजवताना बघत होती, कोणतं बटण काय करतं हे तिला कळत नसेल असं मी कशावरून म्हणावं? नाही म्हणवून घ्यायचं असेल तर तो एकच मार्ग होता, आणि तो तिला सापडला असेल. तसं असेल तर त्या रडण्याचा अर्थ वेगळा लागतो, आणि तो सहन करणं मला जास्त जड जातं. पुढे ती बरीच वर्षं जगली, नातवंडं पाहिली, धुळ्याच्या या घरात राहिली. मी तिला कधी विचारलं नाही. आणि तिसरी शक्यता मी वर्गात कधी सांगत नाही.

नाना आले तेव्हा पिकअप अंगणात होता. बाजेवर मायच्या बिबड्या, आणि कोपऱ्यात पाटीवर ताजं वार्निश पाजलेला तो एवढासा डबा, चकाकत. भाऊ असताना ती बिबड्यांजवळ वार्निश आलं की त्याचा उद्धार करायची, पाहुणे कॉइल खातील म्हणायची. त्या दिवशी तिने स्वतः जागा करून दिली. नानांनी डब्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘अक्का, वाळू द्या निवांत. पहिला कार्यक्रम मी एकाच पिकअपवर मारून नेतो.’ माय त्यांना म्हणाली, जेवून जा. कित्येक महिन्यांनी ती कुणाला हे म्हणत होती. त्यांच्यासोबत तीही जेवली, पोटभर.

परीक्षा झाल्यावर मी पार्टीसोबत साक्रीला गेलो. माय पण आली, माहेरच्या बाजूचा कार्यक्रम म्हणून. नवा मुलगा भाऊच्या जागी उभा राहिला. मी पहिल्यांदा नीट ऐकलं. वार्निशने पिकअपचा आवाज बदलला होता. बोट अजून ऐकू येत होतं, पण बोटाभोवतीची हवा गेली होती. पूर्वी त्यात खोली यायची, ओटा यायचा, ढोलकवाल्याचा खोकला यायचा. आता तार आणि फक्त तार. वाजवायला पिकअप आता नक्कीच चांगला होता. किंचाळला नाही. नानांनी मान डोलावली. माय पुढच्या रांगेत पोटावर हात धरून बसली होती, जिथे बेस लागतो तिथे.

पार्टी पुढे मोडली. बेंजोची जागा कीबोर्डने घेतली, बेसचं काम त्याच्या एका बटणात गेलं. शेवटच्या दिवसांत नानांनी गिटार माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाले, ‘बीएस्सी, ही तुमच्याच घरची.’ ती इथे, धुळ्याला, माझ्या खोलीत आहे. एप्रिलात पांढरं ऊन पडलं की मी ती काढतो, तारांवरची धूळ पुसतो, छोट्या खोक्याला लावतो. गळ्याकडचा रांजण, मुळाकडचं बोट. दोन्ही अजून तसेच आहेत. मुळाकडच्या पिकअपवर तोंड नेऊन मी एकदा बोलून पाहिलं. काही आलं नाही. भाऊच्या भाषेत, तार मुकी झाली आहे. वार्निशने बाहेरचा आवाज आत जाणं थांबलं. गुणगुण मात्र वार्निशने थांबत नाही, ती एका बटणावर आजही येते.

आणि मला विचारायचं असतं. थकवा आहे, काही नाही, तू अभ्यास कर. तो हिवाळाभर हे का म्हणत राहिला, डोळे पिवळे होईपर्यंत लपवत राहिला तो माझ्या अभ्यासापायी का, ते मला विचारायचं असतं. घरात कुणी नसताना, भर दुपारी, मी तारांवर तळवा ठेवून बसतो. हंऽऽ येऊ नये म्हणून दोन्ही बटणं पूर्ण उघडी आहेत ना, हे आधी पाहून घेतो. मग विचारतो, मनातल्या मनात, आणि तरीही तळवा उचलत नाही.